बोअरिंगचं पाणी, लोहचुंबक आणि दोन किटल्या

इंदूरच्या बहुतेक घरांत दोन पाणी नांदतात, एक नर्मदेचं आणि एक बोअरिंगचं. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्याचा चढ चढून सत्तरेक किलोमीटर येतं, ते १९७८ पासून. आमच्या राजेंद्रनगरात ते एक दिवसाआड येतं आणि पिण्या-रांधण्यातच संपतं. धुणं, भांडी, आंघोळी, सगळं बोअरिंगवर. साबण घासून हात दुखतो पण फेस धरत नाही. स्टीलच्या पेल्यावर थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो. शॉवरची भोकं एकेक करून बुजतात, आणि मेकॅनिकनं गिझर उघडला की तळातून खडे अक्षरशः ओंजळीनं निघतात.

माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. पाणी तापवलं की तो वायू निसटतो आणि विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतं. जिथं तापमान सगळ्यात जास्त, तिथं सगळ्यात आधी. म्हणजे कॉइलवरच. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. आमचं बोअरिंग चारशेच्या वर राहतं, उन्हाळ्यात आणखी चढतं.

अशा घरात लोहचुंबकाची गोष्ट येणारच. आमच्याकडे ती धाकट्या भावजींमार्फत आली. त्यांनी टंकीच्या पाइपाला एक यंत्र बसवून घेतलं होतं. पाइपाच्या दोन बाजूंना दोन जाड चौकोनी डब्या, आत चुंबक, वीज नाही, मीठ नाही, देखभाल नाही. "वहिनी, क्षार चिकटतच नाही, पाण्याबरोबर वाहून जातो," असं ते मनापासून सांगत होते. किंमत ऐकून सासूबाईंनी विचारलं, "अगं, तू होळकर कॉलेजात केमिस्ट्री शिकलीस ना? मग घरीच बघ की करून." मला तेवढंच हवं होतं.

करायला घेण्याआधी बरंच वाचलं, आणि ही कल्पना मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जुनी निघाली. बेल्जियमच्या थिओफिल व्हेरमेरेन यांनी १९४५ मध्ये बॉयलरमधला थर चुंबकानं रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे सोव्हिएत संघात कारखान्यांच्या बॉयलरवर अशी उपकरणं मोठ्या प्रमाणावर बसली. म्हणजे ही केवळ फेरीवाल्याची कल्पना नाही, अभियंत्यांनी ती गांभीर्यानं घेतलेली आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले मायकेल कोई यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चुंबकातून गेलेल्या पाण्याच्या थरात कॅल्साइट कमी आणि अ‍ॅरागोनाइट जास्त सापडलं. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त स्फटिकांची ठेवण वेगळी. कॅल्साइट कडक बसतं, अ‍ॅरागोनाइट सुईसारखं वाढतं आणि भुसभुशीत राहतं असं सांगतात. याउलट अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी संशोधन विभागानं इलिनॉयच्या रॉक आयलंड शस्त्रागारात अशी उपकरणं लावून आणि न लावून शेजारी शेजारी नळ्या चालवल्या, आणि २००१ च्या अहवालात फायदा दिसला नसल्याचं लिहिलं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचे वाटले आंद्रे गाइम. ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरासाठी, २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच. त्याआधी त्यांनी नेदरलँडमध्ये जबरदस्त चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला होता. त्याची सुरुवात कुठून झाली, तर नळाला चुंबक लावून क्षार थांबतो म्हणतात ते खरं का, या कुतूहलातून. एका संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या चुंबकात सरळ पाणी ओतलं आणि पाण्याचे गोळे अधांतरी राहिले. आणि हाच माणूस नोबेलच्या व्याख्यानात सांगतो की चुंबकाच्या पाण्याचा हा दावा त्यांनी नंतरही कित्येकदा तपासून पाहिला, पण तो खरा की खोटा हे त्यांना ठामपणे सांगता आलं नाही. हे वाचल्यावर मला धीर आला. प्रश्न मुळातच अवघड आहे, आणि ओट्यावर त्याला हात घालण्यात काही गैर नाही.

आमच्या शेजारचे काका कॅटमधून निवृत्त झालेले. कॅट म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, जिथं इंडस-२ चा सिंक्रोट्रॉन आहे आणि इलेक्ट्रॉनांना वळवायला भलेमोठे चुंबक लागतात. काकांचं आयुष्य चुंबकांत गेलं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी हो-नाही काहीच न म्हणता एक प्रश्न विचारला, "सूनबाई, पाइप कसला आहे?"

आमची जुनी लाइन जी.आय.ची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची. काकांनी आमच्याच टंकीखालच्या पाइपाचा एक तुकडा घेतला, बाहेरून निओडिमियमचे दोन जाड चुंबक चिकटवले आणि कुठूनसा आणलेला गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, आत सरकवला. आकडा जवळपास बसलाच. लोखंडाची भिंत चुंबकत्वाला आपल्यातूनच वळवून नेते, आत पाण्यापर्यंत फारच थोडं पोचतं. तेच चुंबक सी.पी.व्ही.सी.च्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपावर समोरासमोर ठेवले तेव्हा मधोमध हजार गॉसच्या वर आकडा गेला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज यावा. भावजींचं यंत्र जी.आय.च्या पाइपावरच बसवलेलं होतं. ते बसवणाऱ्या माणसानं हे सांगायला हवं होतं, असं मला आजही तळमळून वाटतं. माणूस कष्टाचे पैसे मोजतो आणि चुंबकत्व पाण्याला शिवतही नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट समजावली, तीही मला फार आवडली. पाणी स्वतः चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. उलट फार थोडं दूर ढकललं जातं, प्रतिचुंबकीय म्हणतात ते हेच, आणि त्याची मात्रा दहा लाखांत नऊ इतकी कमी. पण पाण्यातले आयन विद्युतभारित असतात. ते चुंबकीय क्षेत्रातून वाहिले की त्यांच्यावर बल येतं आणि प्रवाहाच्या आडव्या दिशेत बारीकसा व्होल्टेज तयार होतो. अर्ध्या इंची पाइपात तो काही मिलिव्होल्ट भरतो. फॅरडेनं १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्समध्ये तारा सोडून, पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे वाहत्या नदीत होणारी वीज मोजायचा प्रयत्न केला होता. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पाइपांवर बसवतात तो मॅग्नेटिक फ्लोमीटर याच तत्त्वावर चालतो. तेव्हा वाहत्या पाण्यावर चुंबकाचा काहीच परिणाम नाही असं म्हणता येत नाही. तो परिणाम क्षार चिकटणं थांबवण्याइतका आहे का, हा खरा प्रश्न.

मांडणी आम्ही अशी केली. गच्चीवरच्या एकाच टंकीतून सी.पी.व्ही.सी.च्या दोन सारख्या नळ्या खाली आणल्या. दोन्हींवर कापडात गुंडाळलेल्या चार-चार वड्या बसवल्या. एका नळीवर खरे चुंबक, तेही उत्तर-दक्षिण आलटून पालटून, कारण नुसत्या ताकदीपेक्षा क्षेत्रातला चढ-उतार महत्त्वाचा असं कोई यांचं म्हणणं. दुसरीवर त्याच मापाच्या साध्या लोखंडी वड्या, लोहामंडीतून कापून आणलेल्या. नळ्यांना नावं 'अ' आणि 'ब'. खरे चुंबक कुठल्या नळीवर, हे फक्त काकांना माहीत. पाना किंवा किल्ली जवळ नेऊन बघायचं नाही, अशी मला आणि मुलांना सक्त ताकीद.

मुलाची सूचना होती की मासोळ्यांच्या टाकीतला छोटा पंप लावून पाणी चुंबकातून पुन्हा पुन्हा फिरवावं, म्हणजे परिणाम वाढेल. कल्पना चांगली, पण तिच्यात दोन अडचणी. असं पाणी तासन्‌तास फिरवलं की ढवळण्यानंच कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि क्षार तसाही बाहेर पडू लागतो. त्याचं श्रेय चुंबकाला जायचं. दुसरी काकांनी पंप उघडून दाखवली. त्याच्या आतला फिरता भाग म्हणजे पाण्यातच बुडालेला एक कायमचा चुंबक! बिनचुंबकाचं म्हणून जे पाणी आपण ठेवणार, तेही चुंबकाला घासूनच जाणार. पंप परत मासोळ्यांकडे गेला आणि आम्ही टंकीच्या उंचीवर विसंबलो.

मोजायचं काय, यावर मी पहिल्यापासून ठाम होते. 'टी.डी.एस. मीटर लावा' असं जो तो सुचवतो. पण ते यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, त्यात मीठही आलं आणि कॅल्शियमही. जडपणा त्यातून कळत नाही. म्हणून मी जडपणा तपासायचा संच आणला. नमुन्यात अमोनियाचं बफर घालायचं (वासानं सासूबाई ओट्यापासून दोन पावलं मागं सरकल्या), मग एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या पावडरीची चिमूट. पाणी वाइनसारखं तांबडं होतं. मग ई.डी.टी.ए. हे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन थेंब-थेंब सोडत भांडं हलवत राहायचं. जितके थेंब, तितका जडपणा. बराच वेळ काहीच होत नाही. मग तांबड्यात जांभळी झाक येते, आणि एका थेंबाला, अगदी त्या एका थेंबाला, सगळं पाणी निळंशार होतं. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मान आपोआप पुढे झुकली.

'अ' चे आणि 'ब' चे थेंब सारखेच लागले. पुन्हा केलं, पुन्हा सारखेच. हे व्हायलाच हवं होतं, कारण चुंबक पाण्यातून कॅल्शियम काढत नाही, आणि नीट समजून बोलणारा कुणीही तसा दावा करत नाही. साबणाच्या फेसातही फरक नव्हता. ज्यांना चुंबकानंतर केस मऊ वाटतात आणि कपडे उजळ दिसतात, त्यांनी हा भाग लक्षात घ्यावा. साबणाला कॅल्शियम भेटलं की साका होतोच, आणि कॅल्शियम आहे तेवढंच आहे.

दावा आहे तो चिकटण्याबद्दल, म्हणून दुसरी मोजणी थराची. एकाच कंपनीच्या दोन स्टीलच्या किटल्या घेतल्या. एकीत 'अ' चं, दुसरीत 'ब' चं पाणी, सारखंच मोजून, सारखाच वेळ उकळायचं, गाळणकागदातून गाळायचं, आणि पुन्हा भरायचं. चुंबकानं क्षार चिकटायच्या ऐवजी पाण्यात तरंगत राहत असेल, तर त्या नळीच्या कागदावर पावडर जास्त आणि किटलीत थर कमी मिळायला हवा. वजनासाठी ह्यांच्या सराफ्यातल्या मित्राचा काटा. सोनं तोलणाऱ्या काट्यावर किटली बघून दुकानातले कारागीर भोवती जमले, आणि मग त्यांनाच निकालाची उत्सुकता लागली. घरी मी दर खेपेला किटली उन्हात आणि मग मंद आचेच्या तव्यावर अगदी कोरडी करत असे. आतल्या बाजूनं राहिलेला एक थेंबसुद्धा सगळं वजन बिघडवतो.

सुरुवातीला 'ब' च्या किटलीत थर स्पष्ट जास्त दिसू लागला. 'अ' चा तळ पांढुरका, 'ब' चा तळ खरखरीत, कडेला पापुद्रे. भावजी येऊन बघून गेले, त्यांना खात्रीच पटली की 'अ' वर चुंबक आहे. पण ठरल्याप्रमाणे मधल्या टप्प्यावर दोन्ही किटल्या लिंबाच्या फुलानं, म्हणजे सायट्रिक आम्लानं, धुऊन स्वच्छ केल्या आणि अदलाबदल केली. आता 'अ' चं पाणी दुसऱ्या किटलीत. आणि थर पुन्हा त्याच किटलीत जास्त! पाणी बदललं, किटली तीच. भिंग घेऊन तळ बघितला तेव्हा त्यावर कारखान्यातूनच आलेले बारीक ओरखडे दिसले. स्फटिकाला रुजायला अशी खाच मिळाली की थर भराभर धरतो. किटली-किटलीतला हा फरक नळी-नळीतल्या फरकाहून कितीतरी मोठा होता. कागदावरच्या पावडरीतही कधी 'अ' वरचढ, कधी 'ब'. सगळ्या खेपांची बेरीज केली तेव्हा दोन्ही नळ्या इतक्या जवळ आल्या की मला त्यांत फरक आहे असं म्हणता येईना. मग काकांनी सांगितलं, खरे चुंबक 'ब' वर होते.

ही अदलाबदल मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. एकच गिझर, त्याला चुंबक लावला आणि वर्षभरानं उघडून पाहिला, यातून काही कळत नाही. त्या वर्षात पाऊस चांगला झाला असेल, बोअरिंगचं पाणी सौम्य झालं असेल, घरात एक माणूस कमी झालं असेल, नर्मदेचं पाणी जास्त दिवस टंकीत पडलं असेल. भावजींच्याकडे नेमकं हेच शेवटचं झालेलं होतं. त्यांच्या गल्लीत नवी लाइन आल्यापासून ते खालच्या हौदातलं नर्मदेचं पाणी वर चढवत होते.

स्फटिकांचीही तपासणी केली. माझी भाची कॉलेजात शिकवते. तिच्याकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही किटल्यांतला खरवडा ठेवला. दोन्हींत सुया होत्या, नाजूक, झुबक्या-झुबक्यांनी वाढलेल्या, आणि मधूनमधून कॅल्साइटचे तिरके ठोकळे. तिनं सांगितलं की पाणी चांगलं तापलेलं असलं किंवा त्यात मॅग्नेशियम असलं की अ‍ॅरागोनाइट आपसूकच जास्त बनतं. आमच्या पाण्यात दोन्ही गोष्टी हजर. तेव्हा गिझरमधल्या सुयांचा फोटो दाखवून कुणी 'हा बघा चुंबकाचा परिणाम' म्हणत असेल, तर बिनचुंबकाच्या गिझरचा फोटो शेजारी मागावा.

माझ्या दोन किटल्यांनी कोई यांचे प्रयोग खोटे ठरत नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. त्यांनी २०१२ मध्ये एक संभाव्य स्पष्टीकरणही मांडलं, की स्फटिक बनण्याआधी पाण्यात आयनांचे अतिसूक्ष्म पुंजके असतात आणि चुंबकीय क्षेत्राचा चढ-उतार त्यांच्यावर परिणाम करत असावा. कारखान्यात पाणी वेगानं, सतत, पुन्हा पुन्हा फिरतं. माझ्याकडे ते एकदाच, नळीच्या वेगानं गेलं. पण घराच्या टंकीवर बसवलेल्या यंत्रातूनही पाणी एकदाच जातं, आणि मला उत्तर घरापुरतंच हवं होतं.

चुंबकावर तांब्या ठेवून ते पाणी पिण्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. सासूबाईंच्या भजनी मंडळात एका बाईंनी गुडघेदुखीवर हा उपाय सुरू केला होता आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या होत्या. सासूबाई त्यांना घेऊनच माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, "मावशी, पाण्याच्या रेणूंची आपसातली पकड सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास सुटते आणि नव्यानं जुळते. तांब्यातलं पाणी ओठांपर्यंत येईतो चुंबकाची काही खूण धरून ठेवत नाही. पाणी हवं तर प्या, पण गोळ्या आजपासून सुरू करा." त्यांनी त्या सुरू केल्या.

ज्यानं खरोखर फरक पडला ती गोष्ट फुकटची होती. तिसरी मोजणी म्हणून एका किटलीतलं पाणी उकळू न देता, थर्मामीटर लावून, साधारण पंचावन्न अंशांना बंद करत गेले. थर इतका कमी झाला की काटा नसता तरी डोळ्यांनी कळलं असतं. त्याच दिवशी गिझरचा थर्मोस्टॅट खाली आणला. कंपनीनं तो पंचाहत्तरवर ठेवला होता, आणि आम्ही त्यात थंड पाणी मिसळूनच आंघोळ करत होतो. नर्मदेचं पाणी आलं की आता आधी गिझरच्या छोट्या टंकीत जातं. सियागंजातून लिंबाचं फूल किलोनं आणून ठेवलं आहे. शॉवरची जाळी रात्रभर त्याच्या पाण्यात ठेवली की सकाळी सगळी भोकं मोकळी. ज्यांना कपडे आणि केस यांचीच मुख्य अडचण आहे त्यांना मिठावर चालणारा सॉफ्टनर घ्यावा लागेल. त्यातली रेझिन (बारीक मण्यांसारखा पदार्थ) कॅल्शियम धरून सोडियम सोडते, आणि ई.डी.टी.ए.च्या थेंबांत तो फरक लगेच मोजता येतो. खर्च आहे, मीठ घालत राहावं लागतं, आणि ते मिठाचं पाणी बागेत सोडायचं नाही.

कुणाला चुंबकाचा प्रयोग करायचाच असेल तर माझ्याकडचे चुंबक आणि लोखंडी वड्या न्याव्यात. निओडिमियमचे हे चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे कमजोर होतात, म्हणून गिझरच्या गार पाण्याच्या बाजूलाच बसवायचे. एकमेकांजवळ आणताना बोट मध्ये सापडलं तर रक्त येतं, तेव्हा मुलांच्या हातात द्यायचे नाहीत, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर घरात आणायचेच नाहीत. पाइप प्लास्टिकचा हवा, नळ्या दोन हव्यात, किटल्या मधे बदलायच्या, आणि चुंबक कुठं आहे ते माहीत असणारा माणूस शेजारच्या घरात राहणारा असावा.